नक्षीच्या आधीचा कागद

कशिद्याचा नमुना छापून आला की आपण काय करतो? पान हलक्या हातानं कापून घेतो, खाली कार्बन ठेवतो, चार कोपऱ्यांना टाचण्या लावतो आणि बोथट पेन्सिलीनं वेल गिरवत बसतो. उशीचा अभ्रा पुरा होतो, आल्यागेल्याकडून वाखाणला जातो. आणि तो कागद? तो केरात. कार्बनचे डाग पडलेला, जागोजागी फाटलेला कपटा कोण जपणार! अभ्रा महत्त्वाचा, कागदाचं काय एवढं, असंच आपण सगळ्याजणी धरून चालतो.

मैत्रिणींनो, आज त्या कागदाचीच हकीकत सांगायची आहे. दीडशे वर्षांपूर्वी याच मुंबईत नक्षीच्या कच्च्या रेखाटनांवर एक अख्खी शाळा उभी होती. तिथल्या मुलांच्या हातचं काम आपल्या रोजच्या वाटेवर आहे. मुलुंड-घाटकोपरची सकाळची जलद लोकल पकडून सीएसएमटीला (आपल्या तोंडी अजून व्ही. टी.च) उतरणाऱ्या बायका त्या कामाखालूनच धावत जातात. लक्ष पर्सकडे आणि घड्याळाकडे. मान वर करायला सवड कुणाला आहे?

कधी सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन गेलात, तर मात्र जरूर मान वर करा. स्टेशनाच्या दर्शनी भिंतीवर पिसारा फुलवलेले मोर आहेत. खांबांच्या डोक्यावर पानांचे झुबके आहेत. कुठे प्राणी, कुठे वेली, कुठे नुसती गुंतागुंतीची जाळी. हे सगळं दगडात कोरलेलं आहे, पण यातली एकही पाकळी थेट दगडावर जन्माला आलेली नाही. आधी कुणीतरी ती कागदावर काढली, खोडली, पुन्हा काढली.

पान सुधारून घेणारी शाळा

त्या शाळेचं नाव सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. सर जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ती सुरू झाली. हेतू मोठाले चित्रकार घडवण्याचा नव्हता. चांगले कारागीर तयार व्हावेत, त्यांचा हात सुधारावा, एवढीच मूळ कल्पना. १८६५ च्या सुमाराला विलायतेहून तीन शिक्षक आले. जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे सजावटीची चित्रकला, हिगिन्स यांच्याकडे लोखंडाचं नक्षीकाम, आणि मातीकाम व शिल्प जॉन लॉकवुड किपलिंग यांच्याकडे. ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचे हे वडील. रुडयार्डचा जन्म १८६५ च्या डिसेंबरात इथे मुंबईतच झाला.

शिकवण्याची पद्धत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधली. आधी सरळ रेषा, मग वळणदार रेषा, मग प्लास्टरच्या पानाफुलांवरून चित्रं, मग खरी पानं. महिनोन् महिने तेच ते. पोरं कंटाळत असणार, यात शंका नाही. पण तुमच्या घरात आठवी-नववीतलं मूल असेल, तर ही पद्धत तुम्हाला अगदी ओळखीची वाटेल. सरकारी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षांमध्ये चौकोनात किंवा वर्तुळात नक्षी भरायला लावतात ना, तो संकल्पचित्राचा पेपर? त्याचं मूळ याच शिस्तीत आहे. अंधेरी-बोरिवलीच्या शाळांतली मुलं दहावीला वाढीव गुण मिळतील म्हणून ज्या परीक्षेला बसतात, तिच्या पणजोबांची शाळा ही!

आता खरी गंमत सांगते. खऱ्या पानाची नक्षी होत नाही. खरं पान वाकडं असतं, किडीनं खाल्लेलं असतं, एक बाजू मोठी तर दुसरी लहान असते. ते तसंच दगडावर किंवा साडीच्या काठावर घातलं तर नुसता गोंधळ दिसेल. म्हणून नक्षी काढणारा ते पान आधी ‘सुधारून’ घेतो. मधली शीर सरळ करतो, दोन्ही बाजू सारख्या करतो, बारीकसारीक शिरा गाळून टाकतो, टोकाला थोडा बाक देतो. एवढं झाल्यावर ते पान पुनःपुन्हा शेजारी शेजारी मांडता येतं. आपल्या पैठणीच्या पदरावरचा मोर पाहा. असा मोर कुठल्या रानात दिसेल? तरी मोरच म्हणतो ना आपण! आंब्याची कुयरी झाली तीही अशीच.

हे सुधारणं म्हणजेच कच्च्या कागदाचं काम. जुन्या काळचे असे कागद पाहिले तर आधी वाटतं, अरे, हे अर्धवटच सोडलंय! फुलाचा एकच पाव भाग नीट रंगवलेला, बाकी तीन भागांत नुसत्या फिक्या रेषा. काठाची वेल दोन वळणं काढून थांबलेली. तो आळस नव्हे. ज्या नक्षीला पुढे तेच ते यायचं आहे, ती सगळी कशाला काढायची? एक भाग पक्का झाला की कागद दुमडून उलट बाजूला उतरवायचा. ब्लाऊजचा गळा बेतताना आपण कागदाची घडी घालून अर्धाच गळा कापतो, तोच हिशेब. त्या काळच्या नक्षी काढणाऱ्याला भूमिती येत होती, आणि आपल्या आजीलाही येत होती. तिला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही, इतकंच.

कागदावरून दगडावर

लहान रेखाटन पसंत पडलं, की तेच हव्या त्या मापाचं मोठं काढायचं. दगड तीन फुटांचा असेल तर कागदही तीन फुटांचा. उठावाचं काम असेल तर त्यावरून मातीचा नमुना करायचा, मातीवरून प्लास्टरचा साचा, आणि तो पुढ्यात ठेवून कंपासनं मापं घेत घेत पाथरवट छिन्नी चालवणार. म्हणजे एका फुलाचे तीन-चार जन्म. यातला पहिला जन्म कागदावरचा, आणि चूक सुधारायला तोच सगळ्यात स्वस्त. कागदावर पाकळी चुकली तर खोडरबर आहे. दगडावर चुकली तर दगडच बदलायचा.

किपलिंग यांचं काम बघायला तुम्हाला मुद्दाम कुठे जायला नको. दिवाळीच्या खरेदीला क्रॉफर्ड मार्केटला जाताच की नाही? (आता महात्मा जोतिबा फुले मंडई.) १८६९ मध्ये ती इमारत पुरी झाली, विल्यम इमर्सन यांच्या आराखड्याप्रमाणे. तिच्या दारांवर कमानीखालच्या जागेत कष्टकरी माणसांची उठावाची शिल्पं आहेत, ती किपलिंग यांची. आतलं कारंजंही इमर्सन-किपलिंग जोडीचंच. सुक्या मेव्याचा भाव करता करता कधी दाराशी थांबून वर पाहिलं, तर ती माणसं दिसतात. आणि त्या भिंतींचा पिवळसर दगड ठाऊक आहे कुठला? आपल्या कुर्ल्याचा. लाल दगड वसईचा. मालाडच्या खाणींतला पिवळा दगडही मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींना लागला. फोर्टातल्या श्रीमंती इमारतींचं अंग असं आपल्या उपनगरांनी पुरवलेलं आहे, हे मला तरी फार आवडतं. आज कुर्ला-मालाडचे टॉवर पाहून तिथे कधी खाणी होत्या हे पटणार नाही.

किपलिंग हे नुसते नक्षीवर थांबणारे गृहस्थ नव्हते. १८७० च्या सुमाराला त्यांनी उत्तरेकडच्या प्रांतांत फिरून कामात गढलेल्या कारागिरांची चित्रं काढली. लाकडावर कोरीव काम करणारा माणूस कसा बसतो, हत्यार कसं धरतो, पायाचा उपयोग कसा करतो, ते सगळं त्यात आहे. ही रेखाटनं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. १८७५ मध्ये किपलिंग लाहोरला गेले.

व्ही. टी.चं काम त्यानंतरचं. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. आराखडा करण्याआधी त्यांनी काही महिने युरोपातली स्टेशनं पाहून घेतली. १८७८ ला काम सुरू झालं, १८८८ ला पुरं झालं. खर्च सोळा लाखांवर गेला, त्या काळी! सजावटीचं बरंचसं काम ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातून झालं. घुमटावरची प्रगतीची पुतळी टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची, तिचं नाव पुस्तकांत सापडतं. पण मोराखाली सही कुणाची? कुणाचीच नाही. वीस-बावीस वर्षांची ती मुलं, कुणी गिरगावातून चालत येणारी, कुणी कोकणातून आलेली असतील. त्यांनी रात्री दिव्याखाली बसून तो पिसारा कागदावर किती वेळा मांडला असेल, याचा नुसता विचार करावा. २००४ साली या स्टेशनाला युनेस्कोनं जागतिक वारशाचा मान दिला, त्या मानात त्या मुलांचाही वाटा आहे.

छताकडे मान करून

या शाळेनं केलेलं सगळ्यात मोठं कागदी काम मात्र मुंबईबाहेरचं, अजिंठ्याचं. ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत, मधला खंड सोडून, हिवाळ्या-हिवाळ्यात अजिंठ्याला जात राहिले. लेण्यांतल्या चित्रांच्या जशाच्या तशा नकला करायच्या, हे काम. अजिंठा म्हटलं की आपल्याला पद्मपाणि आठवतो. पण छतांवर जी नक्षी आहे, ती पाहताना भान हरपतं. चौकोनाचौकोनांत कमळं, हंस, हत्ती, फळं, वेली, आणि एकासारखा दुसरा नाही. कमळाचा देठ चौकोनाच्या कोपऱ्यात कसा वळवून बसवलाय, ते पाहून रांगोळी घालणारी कुठलीही बाई मान डोलावील.

ती छतं उतरवून घ्यायची म्हणजे काय दिव्य! आत अंधार, वटवाघळं, आणि तासन् तास मान वर. (छतावरचं जाळं काढताना पाच मिनिटांत आपली मान धरते.) या मुलांपैकी पेस्तनजी बोमनजी हे नाव आज ठळकपणे सांगता येतं. ते मूळचे किपलिंग यांच्याकडे शिल्प शिकू पाहणारे, पुढे चित्रकलेकडे वळले आणि पारशी घरांतल्या माणसांच्या चित्रांनी नावाजले.

ग्रिफिथ्स यांना या छतांचं मोल चांगलंच कळलं होतं. नक्षी शिकायला आपल्या विद्यार्थ्यांना विलायती प्लास्टरच्या पानांपेक्षा इथलं अजिंठा अधिक उपयोगी, हे त्यांनी ओळखलं. त्यांचा अजिंठ्यावरचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ १८९६-९७ मध्ये लंडनला छापला गेला, आणि त्यात सजावटीच्या नक्षीला भरपूर जागा दिली आहे. शाळेच्या कुंभारकामातही अजिंठा उतरला. जॉर्ज टेरी यांच्या हाताखाली सुरया, फुलदाण्या, तबकं तयार होत. त्यांवर अजिंठ्याच्या धर्तीची चित्रं आणि वेलबुट्टी असे.

पण एक गोष्ट बोलायलाच हवी. नक्कल नीट दिसावी म्हणून मूळ भित्तिचित्रांवर वार्निश चढवण्यात आलं. त्या वेळी ते चित्रांना तजेला देणारं वाटलं. पुढे ते पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली, रंगाचे पोपडे सुटले. नंतरच्या लोकांना ते काढताना पुरेवाट झाली. चांगल्या मनानं केलेल्या कामानंही नुकसान होतं ते असं.

आणि एवढ्या कष्टांच्या नकलांचं काय झालं? सुमारे तीनशे चित्रं लंडनला पाठवली गेली. १८८५ मध्ये तिथल्या संग्रहालयाच्या एका भागाला आग लागली आणि शंभराहून जास्त चित्रं जळाली. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून केलेल्या नकलांचंही तेच झालं होतं. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक खाक झाल्या. वाचलेली चित्रं आजही लंडनला आहेत. लेण्यांत काही ठिकाणचा रंग आता गळून गेला आहे. तिथे काय होतं हे त्या नकलांवरूनच कळतं. म्हणजे कधी कधी मूळ जातं आणि कागद राहतो. आपण फेकून देतो त्या कागदाची किंमत इथे कळते.

इंग्रजांच्या या नक्षीप्रेमाबद्दल आपल्याकडे दोन मतं आहेत, आणि ती असायलाच हवीत. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानी कापड पाहून तिथले जाणकार थक्क झाले. ओवेन जोन्स यांनी १८५६ मध्ये जगभरच्या नक्षीचा जो ग्रंथ काढला, त्यात हिंदुस्थानी नक्षीला स्वतंत्र प्रकरण दिलं. कौतुक खरं होतं. पण आपल्या विणकरानं पिढ्यान् पिढ्या बोटांत जपलेली नक्षी साहेबाच्या पुस्तकात गेली आणि तिथून ‘शिक्षण’ म्हणून आपल्याकडे परत आली, हेही खरंच. मला विचाराल तर, कागदावर उतरली म्हणून बरीच टिकली. ज्या बोटांतून ती आली त्यांची नावं मात्र कागदानं टिपली नाहीत.

खारचं घर

नावं टिकतात ती घरच्या माणसांनी कागद जपले तर. जे. जे.तच शिकलेले आणि तिथेच आयुष्य घालवलेले रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचं उदाहरण घ्या. १८९० मध्ये ते विद्यार्थी म्हणून शाळेत आले, आणि तिथल्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. त्यांची मुलगी अंबिका हिनंही जे. जे.ची पदविका मिळवली, ज्या काळात मुलीनं तिथे पाऊल टाकणं हेच धाडस होतं. अंबिकाबाईंनी स्वतः चित्रं काढली, आणि वडिलांची चित्रं, रेखाटनं खारच्या घरात वर्षानुवर्षं सांभाळली. २००९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्या गेल्या. मोठ्या तैलचित्रांना गिऱ्हाईक असतं. पेन्सिलीच्या कागदांना असं एखादं माणूसच लागतं.

आता आपल्या घरांचं बघू. माळ्यावरच्या ट्रंकेत आईच्या किंवा सासूबाईंच्या कशिद्याच्या नमुन्यांची चळत, रांगोळीची वही, क्रोशाचे चौकटीच्या कागदावर काढलेले काठ असं काहीबाही बहुतेक घरांत निघतं. बिल्डिंग पुनर्विकासाला जायची म्हणून आवराआवर सुरू झाली की हे सगळं पहिल्या फेरीतच रद्दीत जातं. मुलुंडच्या आमच्या जुन्या शेजारणीकडे असंच झालं. सासूबाईंच्या हातची रांगोळीची वही वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातून गेली, आणि रद्दीवाला दोन गल्ल्या पुढे गेल्यावर तिला आठवण झाली. वही काही सापडली नाही. ठिपके मोजून काढलेल्या त्या रांगोळ्या आता कुणालाच येत नाहीत.

तर असे कागद सापडले तर काय करावं? घडी किंवा गुंडाळी उलगडून ते सपाट ठेवावेत, मध्ये बटर पेपर घालावा. फाटलेल्या जागी सेलोटेप चुकूनही लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागदही घेऊन जाते. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा निघत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात माळा ओलसर असतो, म्हणून कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवावेत, शेजारी वाळलेला कडुनिंब कापडी पिशवीत. मोबाईलवर फोटो काढून ठेवावेतच, पण फोटो झाला म्हणून कागद टाकू नये. कागदाच्या मागे गिरवल्याच्या खुणा असतात, भोकं असतात, कुठल्या साडीसाठी होता ते लिहिलेलं असतं. फोटोत त्यातलं काही येत नाही.

नमुना नुसता जपायचा नसेल, वापरायचा असेल, तर मूळ कागदावर कार्बन कधीही नको. त्याचा खाका करावा. भरतकाम करणारे कारागीर आजही असंच करतात. मूळ नमुन्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तो उतरवून घ्यायचा. मग ट्रेसिंग पेपर जाड कापडाच्या घडीवर ठेवून रेषेरेषेनं बारीक सुईनं जवळजवळ भोकं पाडायची. शिवणयंत्राला दोरा न घालता चालवलं तरी काम होतं, फक्त टाका बारीक ठेवावा. उलट बाजूला जे खरखरीत दाणे येतात, ते अगदी बारीक पॉलिश पेपरनं हलके घासून टाकावेत म्हणजे भोकं मोकळी होतात. आता खाका कापडावर ठेवून टाचण्या लावाव्यात. गडद कापड असेल तर खडूची आणि फिकं असेल तर कोळशाची वस्त्रगाळ पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधून वरून थोपटावी. थोपटावी, घासू नये, नाहीतर रेषा फिसकटते. खाका सरळ वर उचलला की ठिपक्यांची वेल कापडावर उमटलेली दिसेल. ठिपके लगेच पेन्सिलीनं जोडून घ्यावेत, नाहीतर एका फुंकरीत नक्षी उडून जाते. एक खाका जपून वापरला तर अनेक वेळा चालतो.

आणि मूळ कागद परत ठेवण्याआधी एक लहानसं काम. मागच्या बाजूला कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं लिहा: हा कुणी काढला, अंदाजे कुठल्या साली, कशासाठी. शाईपेन नको, ते फुटतं. सासूबाई हयात असतील तर हे आजच विचारून घ्या. दुपारचा चहा झाल्यावर ट्रंक उघडली, तर संध्याकाळपर्यंत त्या एकेका कागदाची हकीकत सांगतील.